टोकाला बसलेली बाई

मी पाच वर्षांचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. शाळेतल्या आईवरच्या कविता मला अजून चालीसकट पाठ आहेत; तिचा चेहरा तेवढा आठवत नाही. त्यामुळे नाशिकच्या सार्वजनिक चित्रसंग्रहात चांदवडच्या कांदा निवडणाऱ्या बायांचं जुनं चित्र लागलंय असं कळलं, तेव्हा थोरल्या बहिणीला, अक्काला, म्हटलं, चल. आई कामाला जायची त्या कांदाचाळीपाशी एक चित्रकार येऊन बसायचा, हे तिला पक्कं आठवत होतं.

सकाळची एसटी धरली. पंचाहत्तरी उलटली की तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. अक्का नवं लुगडं नेसून आली होती. कशाला, विचारलं तर म्हणाली, “आईला भेटाया जुनं नेसून जाऊ का?” पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागा लागल्या. नाशकात मिसळ खाल्ली (तर्री वेगळी मागा, झेपत नाही), मग रिक्षा. संग्रह सोमवारी बंद असतो. लिफ्ट नाही, जिना सावकाश चढलो.

हे चित्रकार आपल्याच जिल्ह्यातले, आता हयात नाहीत. ब्रशपेक्षा पात्याने रंग थापायचे. जवळून नुसती ढेकळं दिसतात. थोडं मागे सरलं की त्यातून ऊन, गोणपाट, कांद्याच्या जांभळट साली वर येतात. माणसं जड, जमिनीतूनच उगवल्यासारखी.

आमचं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. ओळीने बसलेल्या बाया, समोर कांद्याचा ढीग. आणि चेहऱ्यांच्या जागी मातकट रंगाचा एकेक फटकारा. नाक नाही, डोळे नाहीत.

संग्रहात देखरेखीला असलेल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, ह्यांच्या कुठल्याच चित्रात चेहरा नसतो. सगळेच विचारतात.”

मी बाकावर बसलो. एवढ्या वर्षांनी एवढं जवळ येऊन हात हलवत परतायचं होतं. अक्का मात्र चित्राला नाक लावून उभी. मग तिने मला हाक मारली.

“भाऊ, ही बघ. टोकाची.”

“कशावरून?”

“बाकीच्या उजव्या हातानं निवडत्यात, ही डाव्या. आई डावरी व्हती. शेजारणीला कोपर लागतं म्हणून तिला कायम टोकाला बसवायच्या.”

खरंच, त्या बाईच्या डाव्या हातात कांदा होता, आणि तिच्या कोपराशी मोकळी जागा सोडलेली. चित्रकाराने चेहरा टाळला, पण कोपर टाळलं नव्हतं. आम्ही बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिलो. अक्काने पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडे गेलो. अंगणात सुना कांदा निवडत होत्या, अक्काही बसली होती. ओळीच्या टोकाला. तिचा डावा हात चालला होता. हा हात मी जन्मभर पाहिला, पण तो कुणाचा, हे कधी मनात आलं नव्हतं. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे चेहरा अंधारात होता.

मी हाक मारली नाही.