बटणांचा कॅमेरा

आमचे हे नोकरीत असताना ड्राफ्ट्समन होते. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्यांनी आयुष्यभर सरळ रेघा ओढल्या, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. त्यामुळे डोळ्यांत काहीतरी बिघडलंय हे कळलं तेही रेघेवरूनच. एका सकाळी खिडकीशी उभे असताना ते म्हणाले, की ग्रिलचा मधला गज कुणीतरी वाकवलाय. मी जाऊन त्यावरून हात फिरवला. गज सरळ होता. त्यांनीही हात फिरवला आणि ते खुर्चीत येऊन बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज झाली आहे. उजव्या डोळ्यात जास्त, डाव्यात कमी. अगदी अंधार कधी होणार नाही, कडेने दिसत राहील. पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं त्याच्यावर धुरकट डाग येईल. वाढेल, पण हळूहळू. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात मात्र ते एकदा सरळ समोर बघायचे, एकदा मान वळवून. डागाची हद्द ते मोजत होते, हे मला नंतर समजलं.

फोटो काढायची हौस ह्यांना लग्नाआधीपासूनची. रोलचा कॅमेरा होता तेव्हा रोल धुऊन येईपर्यंत ह्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. पुढे मोबाईल आले, तो कॅमेरा माळ्यावर गेला आणि बुरशीने खराब झाला. डोळ्यांचं कळल्यावर पुण्याहून मुलाने एक मोठा, महागातला मोबाईल पाठवला. ह्याच्यात सगळं आपोआप होतं बाबा, असं त्याने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. पण उन्हात त्या काचेवर नुसती चकाकी. बटण काचेवरच काढलेलं, बोटाला लागत नाही. फोटो काढायला जावं तर व्हिडिओ सुरू व्हायचा, कधी भलत्यालाच फोन लागायचा. एकदा सुरूच्या बागेत समुद्रासमोर उभे राहून ह्यांनी बराच वेळ खटपट केली आणि मग मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकून चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मला बोटाला लागेल असं बटण हवंय."

त्या वाक्यापासून कॅमेऱ्याचा शोध सुरू झाला.

आम्ही राहतो त्या माणिकपुरात दोन-तीन दुकानांत विचारलं. सगळीकडे उत्तर एकच, की छोटे कॅमेरे आता कुणी ठेवत नाही. एकाने पुन्हा मोबाईलच काढून दाखवला. मुलगा म्हणाला, ऑनलाइन मागवतो. पण हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नाही यावर हे ठाम होते. शेवटी एका दुपारी आम्ही मुंबईत, फोर्टातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार आमच्याच वयाचे होते. त्यांनी पाच कॅमेरे काचेवर मांडले आणि मेगापिक्सेल, व्हिडिओ, वायफाय असं एकेकाचं कौतुक सुरू केलं. ह्यांनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, "डोळे मिटून चालवता येईल असा यातला कोणता?"

दुकानदार क्षणभर गोंधळले. मग मी डोळ्यांचं थोडक्यात सांगितलं. त्यांनी दोन कॅमेरे लगेच बाजूला काढून ठेवले. त्या कॅमेऱ्यांना फक्त मागचा पडदा होता, डोळा लावून बघायची खिडकी नव्हती. राहिलेले तीन ह्यांनी खरोखरच डोळे मिटून हाताळले. एक फार गुळगुळीत होता, हातातून निसटेल असा. दुसऱ्याची बटणं इतकी बारीक आणि दाटीने बसवलेली, की एकावर बोट ठेवलं की तीन दाबली जायची. तिसरा खिशात मावेल एवढाच, पण जरा जाड. त्याला वर एक चाक होतं आणि ते फिरवलं की प्रत्येक खाचेला टक्‌ असं बोटाला कळायचं. ह्यांनी ते दोनदा पूर्ण फिरवलं आणि कोणत्या खाचेला काय आहे ते विचारून घेतलं.

दुकानदारांनी ह्यांना दारापाशी नेलं. हे डावा डोळा त्या छोट्या खिडकीला लावून उभे राहिले आणि झूमचा खटका ओढला. लेन्स गुंगुं करत बाहेर आली. समोर रस्त्यापलीकडे एका इमारतीवर वर्षानुवर्षांचा एक बोर्ड होता. हे हळूहळू वाचू लागले, "छत्र्या... व बॅगा... दुरुस्त करून मिळतील." मग तो छत्र्यांचा आहे की चष्म्यांचा, याची त्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली. छत्र्यांचाच होता. खूप दिवसांनी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय काही वाचलं होतं. मी उगीचच कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे रंग कोणते आहेत ते विचारत बसले.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात नुसता आनंद होता. हे सकाळी उठले की कॅमेरा गळ्यात. वाळत घातलेले कपडे, शेजारच्या गच्चीवरचं कबुतर, माणिकपूरच्या चर्चचा मनोरा, रिक्षा स्टँडवर ओळीने लागलेली रिक्षांची टपं, जे समोर येईल ते. रिक्षावाले त्यांना ओळखू लागले. एकाने नवी रिक्षा घेतली तेव्हा हार घातलेल्या रिक्षाचा फोटो ह्यांच्याकडूनच काढून घेतला.

संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडायचा आणि दिवसभराचे फोटो बघायचे, हा रिवाजच पडला. हे टीव्हीच्या अगदी जवळ उभे राहायचे आणि मान डावीकडे वळवून डोळ्याच्या कडेने चित्र न्याहाळायचे. टीव्हीशी त्यांचं काही बिनसलंय असं बघणाऱ्याला वाटावं. मध्येच म्हणायचे, की काढताना हे दिसलंच नव्हतं. कबुतराच्या पायात दोरा अडकलेला होता, तो त्यांना टीव्हीवरच कळला. डोळ्याला एकदाच मिळायचं ते आता त्यांना घरी आणून सावकाश बघता येत होतं.

मी मात्र सुरुवातीला त्यांच्या शेजारी उभी राहून सूचना करायची. थोडं उजवीकडे घ्या, माणसाचं डोकं कापलं जातंय, उन्हाकडे तोंड करू नका. एके दिवशी त्यांनी कॅमेरा खाली केला आणि म्हणाले, "अगं, मला चुकू दे ना. चुकलेलं मी घरी बघतो की."

ते रागावले नव्हते. पण त्यानंतर मी सूचना करणं सोडलं.

सातिवलीतल्या ज्या पॅकिंगच्या कारखान्यात मी हिशोबाचं काम करायची, तिथली माझी मैत्रीण जवळच्याच वटार गावची. त्यांची वाडी आहे, केळी, नारळ, सोनचाफा, थोडी भाजी. कारखान्यात आमच्यासारखंच बोलणारी ती वाडीत पाऊल टाकलं की पाण्याला पानी म्हणायला लागते. तिने बरेच दिवस बोलावलं होतं, म्हणून हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं गेलो. चहा झाल्यावर हे म्हणाले, मी जरा वाडीत फिरून येतो. मी उठायला लागले तर मैत्रिणीने हात धरून बसवलं. बसा की, सपाट जमीन आहे, कुठे पडतायत, म्हणाली.

मी ओटीवर बसले, पण लक्ष तिथे नव्हतं. केळींच्या रांगांतून ह्यांचा निळा शर्ट दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा. वाडीत विहीर आहे हे मला ठाऊक होतं आणि तिचा कठडा केवढा आहे ते ठाऊक नव्हतं. मैत्रीण चाफ्याच्या भावाबद्दल बोलत होती, मी हूं हूं करत होते. बराच वेळ शर्ट दिसला नाही, तेव्हा मी चपला न घालताच धावले. हे पाटाच्या कडेला उकिडवे बसून वाहत्या पाण्याचे फोटो काढत होते. विहीर कुठल्या कुठे राहिली होती. तरी मी बोलायचं ते बोललेच. हाक मारायला काय झालं होतं, माणसाला काही काळजी असते की नाही. मैत्रिणीच्या घरच्यांनीही ते ऐकलं असणार. हे उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि माझ्यामागून चालत ओटीवर आले. परत येताना रिक्षात ह्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून ठेवला. त्या संध्याकाळी टीव्हीही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली आणि मला हाक मारली. आधी केळफुलं आली, मग पाटातलं पाणी, पाण्यात पडलेलं एक चाफ्याचं फूल. आणि मग मी. ओटीवर बसलेली, केळीच्या दोन पानांच्या फटीतून, झूम करून टिपलेली. एक नाही, ओळीने कितीतरी. मैत्रीण हसून काही सांगतेय आणि मी तिच्याकडे बघतच नाहीये. मान उंच करून, कपाळाला आठ्या घालून मी झाडांत काहीतरी शोधतेय. एका फोटोत तर मी अर्धी उठलेली आहे.

मग त्यांनी मागच्या दिवसांचे फोटोही लावले. ते मी आधी पाहिले नव्हते, दाखवताना हे पुढे ढकलत असावेत. खालून, रिक्षा स्टँडवरून काढलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत मी, दोन्ही हातांनी ग्रिल धरून. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या साड्यांत, पण चेहरा तोच. माझा चेहरा असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. आरशात बघताना आपण असा चेहरा करत नाही.

मी विचारलं, माझे एवढे फोटो कशाला काढलेत? आणि तेही चोरून?

ते टीव्हीकडे मान वळवूनच म्हणाले, "तू समोर बसलीस की तुझ्या चेहऱ्यावर डाग येतो. तुला नीट बघायचं तर मान अशी वळवावी लागते. तसं बघितलं की तुला वाईट वाटतं. टीव्हीला वाटत नाही."

मला खरंच वाईट वाटायचं. जेवताना ते असे तिरपे बघू लागले की मी ताटाकडे नजर वळवायची, हे त्यांनी कडेने टिपलं होतं.

मग ते म्हणाले, "तुला भीती वाटते ना, ती तू घे म्हटलंस तरी मला माझ्याकडे घेता येत नाही. पण सगळ्या फोटोंत तीच येते बघ. एखादा साधा फोटो दे की मला."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही दोघांनी मिळून ते फोटो पुन्हा पाहिले. आता मला त्यात थोडं हसूही आलं, अर्धी उठलेली मी म्हणजे बस सुटलेल्या बाईसारखी दिसत होते. ह्यांनाही तसं सांगितलं, तेही हसले.

त्या दिवसापासून मी खिडकीत उभं राहणं बंद केलं असं म्हणता येणार नाही. पण कमी केलं. जेवताना ते मान वळवून बघतात तेव्हा मी त्यांच्याकडे बघते, ताटाकडे नाही. सुरुवातीला अवघड गेलं. फोटो काढणाऱ्यासमोर बसल्यासारखं वाटायचं, हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. आता सवय झाली.

आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा, हे एकटे वटारला जाऊ लागले. ओळखीची रिक्षा नेते, पुन्हा आणते. एकदा मात्र रिक्षावाला नवा होता आणि हे भलत्याच वळणावर उतरले. ते मला फोटोंवरूनच कळलं. टीव्हीवर एक अनोळखी गल्ली आली, तिथली एक म्हातारी माळ ओवत बसलेली, एक झोपलेला कुत्रा, कुंपणावर वाळत टाकलेली गोधडी. मी विचारलं हे कुठलं? ते म्हणाले, माहीत नाही, पण छान होतं. त्या म्हातारीनेच त्यांना वाट दाखवली होती. मी रागावणार होते, पण ती गोधडी इतकी सुंदर दिसत होती, की मी पुढचा फोटो लावा म्हटलं.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, की डाव्या डोळ्यातही डाग थोडा पसरलाय. ह्यांनी घरी येऊन कॅमेऱ्याच्या खिडकीतली अक्षरं आणि चौकटी मोठ्या करून घेतल्या. ती सोय त्या कॅमेऱ्यात आहे हे त्यांनी दुकानातच विचारून ठेवलं होतं, मला सांगितलं नव्हतं. पुढे कधीतरी तेवढंही पुरणार नाही. त्याबद्दल आम्ही एकदा बोललो आहोत, रोज बोलत नाही.

गेल्या आठवड्यात ते वाडीतून एक फोटो घेऊन आले. सुपारीच्या उंच झाडाला, शेंड्याजवळ, काहीतरी तपकिरी चिकटलेलं आहे. त्यांचं म्हणणं, तो पक्षी आहे, काढताना हलला होता. माझं म्हणणं, ती वाळलेली झावळी आहे, वाऱ्याने हलली असेल. ते मान वळवून बघतात, मी चष्मा पुसून बघते. मैत्रिणीला पाठवू म्हटलं, ती सांगेल. तर म्हणाले नको, मंगळवारी तू ये माझ्याबरोबर, आपणच बघू. येताना तुझाच चष्मा आण, माझा काही उपयोगाचा नाही.