क्लोनडॉकिनमधली थ्री-नॉट-थ्री

मला खरं तर एक कपाट हवं होतं. जुनं, लाकडी, दणकट, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं. डब्लिनजवळच्या आमच्या क्लोनडॉकिनच्या घरातलं सगळं फर्निचर खोक्यातून आलेलं आणि आम्ही नवरा-बायकोने भांडत भांडत जोडलेलं. त्यातलं एकही दार सरळ लागत नाही. ऑफिसमधली एक आयरिश मैत्रीण म्हणाली, "मेनूथच्या पुढे एक लिलाववाले आहेत. जुन्या घरांतलं सामान ऑनलाइन विकतात. प्रेस हवा असेल तर तिथेच बघ."

प्रेस म्हणजे इथे कपाट. आम्ही नवीन होतो तेव्हा घरमालकीण "कप प्रेसमध्ये आहेत" असं म्हणाली होती आणि मी घरभर इस्त्री शोधत फिरले होते.

तर मी लिलाववाल्यांच्या साइटवर कपाटं बघत बसले. कपाटांनंतर घड्याळं आली, घड्याळांनंतर चिनी मातीच्या बरण्या, आणि बरण्यांनंतर अचानक एक रायफल. लाकडी दस्ता, पितळी पट्टी, पुढे ते बसकं, बोथट तोंड. खाली लिहिलं होतं की ही निकामी केलेली आहे, नळी बुजवलेली आहे, तसं प्रमाणपत्र सोबत आहे. मी ते नीट वाचलंही नाही. मी तिला ओळखलं होतं.

ती थ्री-नॉट-थ्री होती. पुण्यात कॉलेजला असताना मी एनसीसीत होते आणि आम्हा मुलींना कवायतीला हीच रायफल असे. चार किलोच्या वर वजन. मी सगळ्यांत बुटकी, म्हणून फोटोत कायम कुणाच्या तरी खांद्यामागे. आमचे उस्ताद म्हणजे कवायत शिकवणारे लष्करातले हवालदार. ते ओरडत, "परेड, सलामी शस्त्र!" आणि आमच्यातल्या एकीची तरी रायफल धाडकन जमिनीवर पडे. पण एक गोष्ट आम्हाला झकास जमायची. तपासणीच्या वेळी हुकूम यायचा, "बोल्ट चला!" आणि रांगेतल्या सगळ्या मुली एकाच वेळी गोळी भरायचा तो खटका, बोल्ट, मागे खेचायच्या. खट-खटाक. सगळ्या मैदानाचा मिळून एकच आवाज. त्या वयात घरात आणि वर्गात माझं कुणी फारसं ऐकत नसे. त्या आवाजात मात्र माझा वाटा होता.

बोली संपायची वेळ दुपारची होती आणि त्याच वेळी माझी टीमबरोबर मीटिंग. मॅनेजर एका बिघाडावर बोलत होता, मी मान हलवत होते आणि दुसऱ्या खिडकीत बोली लावत होते. खरं तर एकदाच, गंमत म्हणून लावली होती. पण लगेच कुणीतरी माझ्यावर चढवली. मी पुन्हा लावली. त्याने पुन्हा चढवली. पडद्यावर नाव नाही, चेहरा नाही, तरी मला तो माणूस दिसायला लागला. मिशीवाला, शेकोटीसमोर कुत्रा घेऊन बसलेला, आपल्यालाच सगळं मिळतं अशी खात्री असलेला. मी म्हटलं, थांब तू. शेवटच्या क्षणी मी असा आकडा टाकला की तो गप्पच झाला.

'अभिनंदन' असं हिरव्या अक्षरांत आलं. तेवढ्यात मॅनेजरने विचारलं, "मग हे तू घेतेस का?" मी म्हटलं, "हो, घेतलं." अशा तऱ्हेने तो बिघाडही माझ्याच गळ्यात पडला.

मीटिंग संपली आणि मी चहा टाकला. जिंकल्याचा आनंद चहा उकळेपर्यंतही टिकला नाही. मी काय केलं होतं? माझ्याकडे बंदूक होती. आयर्लंडमध्ये. तीही ब्रिटिश लष्कराची.

संध्याकाळी नवरा कांदा चिरत होता. मी म्हटलं, "अरे, मी एक रायफल घेतली."

"राइस कुकर? आहे की आपल्याकडे."

"रायफल. बंदूक."

त्याने सुरी खाली ठेवली. बोलला काहीच नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मुलगी वरून जिना उतरत आली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डब्लिनच्या इंग्रजीत देते. इथे आईला मॅम म्हणतात. "मॅम, आर यू सिरियस?" एवढं म्हणून ती पुन्हा वर गेली, बहुधा मैत्रिणींना कळवायला.

सासूबाई तेव्हा अमरावतीहून आमच्याकडे आल्या होत्या. सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या त्या म्हणाल्या, "काऊन वं? कपाट पाह्यत होती ना तू? बंदुकीत काय भांडे ठेवतं?"

मी उरलेला कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी लिलाववाल्यांना फोन केला. परत देता येईल का, असं चाचरत विचारलं. तिकडचे गृहस्थ फार गोड बोलले, पण बोली म्हणजे बोली. "मात्र न्यायच्या आधी तुमच्या गार्डा स्टेशनला जाऊन एकदा विचारून घ्या," ते म्हणाले. गार्डा म्हणजे इथले पोलीस. "यू विल बी ग्रँड." म्हणजे, सगळं ठीक होईल. इथे घर जळत असलं तरी माणसं ग्रँडच असतात.

स्टेशनवर एक तरुण गार्डा होती. तिने प्रमाणपत्राची प्रत नीट वाचली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आली, काय काय पाळायचं ते सांगितलं. मग सहज म्हणाली, "आणि तुम्हाला ही कशासाठी हवी आहे?"

मी तोंड उघडलं. कॉलेज, मैदान, उस्ताद, खट-खटाक, हे सगळं इंग्रजीत कुठून सुरू करायचं? मी म्हटलं, "मला कपाट हवं होतं."

तिने कागद माझ्या हातात परत दिला आणि ती म्हणाली, "माझ्या आईनेही असाच एक पियानो आणलाय."

शनिवारी आम्ही रायफल आणायला गेलो. नवरा गाडी चालवत होता, बोलत अजूनही नव्हता. लिलावाच्या गोदामात ती दोन जुन्या शिलाई मशिनींच्या मधे टेकून उभी होती. आम्ही तिला रजईच्या अभ्र्यात गुंडाळून मागच्या सीटवर झोपवलं. वाटेत पहिल्या वळणावर ती घरंगळली आणि नवरा एकदम म्हणाला, "पट्टा लाव तिला." मी वळून पाहिलं तर तो हसू दाबत होता. मग आम्ही दोघं घरापर्यंत हसत आलो. घर आल्यावर मात्र मला पुन्हा धडकी भरली.

बैठकीच्या खोलीत पडदे ओढून मी अभ्रा काढला. लाकडाला जुन्या तेलाचा वास होता. तो वास मला थेट मैदानावर घेऊन गेला. मी ती उचलली, डावा हात बरोबर जागी गेला, उजवा बोल्टवर. मनातल्या मनात हुकूम दिला आणि खेचला.

बोल्ट हलला नाही. जरासुद्धा. आत सगळं वितळवून एकसंध केलेलं होतं. अर्थात तसंच असणार, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि तसं नसतं तर मी आत्ता कोठडीत असते. पण मला तेव्हाच कळलं की मी लाकूड-लोखंड विकत घेतलंच नव्हतं. मी तो आवाज विकत घ्यायला गेले होते. आणि तो आला असता तरी एकटीचाच आला असता. मी ती भिंतीला टेकवली आणि खाली बसले. नवऱ्याने चहा आणून दिला.

आता ती घालवायची कशी, हा प्रश्न. मी पुन्हा लिलाववाल्यांना फोन केला. म्हटलं, माझ्याविरुद्ध बोली लावणाऱ्याला विचाराल का, त्याला अजून हवी आहे का?

"युअर मॅन इन कॉर्क?" ते म्हणाले. इथे कुणाही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात. "विचारतो की."

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला, आणि ते हसतच बोलत होते. कॉर्कच्या त्या गृहस्थाने सांगितलं होतं की बोली हरल्याचा इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. शेवटचा आकडा टाकल्यावर त्याला घाम फुटला होता, बायकोला काय सांगायचं सुचत नव्हतं, आणि तेवढ्यात कुणा देवमाणसाने वर बोली लावली. त्या देवमाणसाला त्याने मनापासून धन्यवाद कळवले होते.

माझा मिशीवाला शत्रू असा विरघळून गेला. मला त्याचा हेवा वाटला.

रायफल जिन्याखालच्या प्रेसमध्ये गेली. आणि तिथेच ती शेजारच्या आजींना दिसली. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. सासूबाईंची आणि त्यांची मैत्री कशी झाली ते मला आजही कळलेलं नाही, कारण एकीला इंग्रजी येत नाही आणि दुसरीला मराठी. तरी दोघी रोज चहाला एकत्र. त्या दिवशी सासूबाईंनी कौतुकाने प्रेसचं दार उघडून दाखवलं, "पाह्य बाई, माह्या सुनेनं काय आणलं थे!"

आजींनी चहाचा कप खाली ठेवला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. त्यांचा चेहरा पाहून माझी चूक माझ्या लक्षात आली. माझ्यासाठी ती माझं कॉलेज होती. पण मी ज्या देशात राहते तिथे ती दुसऱ्या कुणाचं काय काय होती, याचा मी विचारच केला नव्हता. मी माफी मागायला लागले.

"नको, नको," आजी म्हणाल्या. "बाहेर काढ. मला बसून बघायचीय."

त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली. मग सावकाश सांगितलं. त्यांच्या एका आजोबांनी पहिल्या महायुद्धात हीच रायफल खांद्यावर घेतली होती, ब्रिटिशांच्या बाजूने. आणि दुसरीकडच्या आजीने हीच रायफल गवताच्या गंजीत लपवली होती, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात, ब्रिटिशांच्या विरुद्ध. "ख्रिसमसला दोघं आमच्याकडे एकाच टेबलावर जेवायची. सॉस दे, बटाटे दे. त्यापलीकडे त्यांच्यात कधी एक शब्द झाला नाही. मी लहान होते, मला वाटायचं, दोघं बहिरी आहेत."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी आजींच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडेबी असंच आहे माय. जेवाले सगळे एक."

हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

"तू काय करायचीस हिचं?" आजींनी मला विचारलं.

"सलामी," मी म्हटलं.

"मग दाखव."

मुलगी फोन घेऊन जिन्यात बसली, नवरा दारात. दोघी म्हाताऱ्या सोफ्यावर, परीक्षकांसारख्या. मी टाचा जुळवल्या, स्वतःलाच हुकूम दिला, "सलामी शस्त्र!" पहिली हालचाल अगदी बरोबर आली. दुसरीला रायफल तिरकी झाली. तिसरीला नळीचं तोंड छताच्या दिव्याला लागलं आणि काचेचा गोळा सोफ्याच्या बरोबर मधे, दोघींच्यामधे पडला. तो फुटला नाही. सासूबाईंनी तो उचलून मांडीवर घेतला आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "मॅम, दॅट वॉज क्लास," आणि माझ्या आठवणीत ती माझ्यावर पहिल्यांदाच इतकी खूश झाली होती.

तोडगा आजींनीच काढला. किल्डेअरमधल्या त्यांच्या माहेरच्या गावात काही निवृत्त मंडळी एका जुन्या शाळेत छोटंसं संग्रहालय चालवतात. नांगर, दुधाच्या बरण्या, गणवेश. त्यांना ती हवी होती. पुन्हा गार्डा स्टेशनला खेप झाली, तीच तरुण गार्डा भेटली. तिचा पियानो अजून तिथेच होता, म्हणजे तिच्या आईकडेच.

आम्ही तिघी ती द्यायला गेलो, मी गाडी चालवत, सासूबाई मागे, आजी माझ्या शेजारी. काचेच्या कपाटात रायफल ठेवताना मला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. खांद्यावरून पिशवी उतरवल्यासारखं वाटलं, इतकंच. संग्रहालयवाल्यांनी आम्हाला चहा आणि घरचा केक दिला, आणि सासूबाईंनी तिथल्या जात्यासारख्या दगडावर बसून तो खाल्ला.

परतताना आजींनी सीटचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाल्या, "मी एकदा जत्रेत गाढव विकत घेतलं होतं."

"कशाला?"

"दुसरी बाई घेणार होती म्हणून."

"मग नवऱ्याला काय सांगितलंत?"

"सांगितलं, माझ्या मागे मागे आलं."

मी आरशात बघत सासूबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "गाढव तं कामाचं तरी राह्यते वं," त्या म्हणाल्या, आणि हे मी आजींना सांगेपर्यंत क्लोनडॉकिनचा फाटा मागे पडला होता. पुढे वळायला जागा बराच वेळ मिळाली नाही. कुणालाच घाई नव्हती. आजी गाढवाचं नाव काय ठेवलं होतं ते आठवत होत्या, आणि मी गाडी सरळ चालवत राहिले.