बाबांना तलाव वरून पाहायचा होता

डॉक्टरांनी बाबांच्या समोरच सांगून टाकलं, की आता जे दिसतंय ते फार तर हा हिवाळाभर. काचबिंदूनं त्यांची नजर कडांकडून आत आत खात आणली होती. समोर पेल्याच्या तोंडाएवढं गोल भोक उरलं होतं आणि त्यातून ते सगळं जग पाहायचे. परत येताना रिक्षात बाबाच म्हणाले, "मग लवकर करावं लागेल. मला माझा तलाव वरून बघायचाय."

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. देपालपुरच्या पुढे एक लहानसा तलाव आहे, त्याचा मातीचा बांध त्यांनी तरुणपणी जातीनं उभं राहून बांधून घेतला होता. नकाशाही त्यांनीच काढला होता. नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं चित्र, पण वरून त्यांनी तो तलाव कधीच पाहिला नव्हता. "बगळ्याला दिसतो, मला नाही, ही काय बात झाली?" असं ते हसत म्हणायचे. फोनवर उपग्रहाचा फोटो मोठा करून दाखवला, तर म्हणाले, "हा हिरवा धब्बा? हा कुणाचाही तलाव असू शकतो." कंबरेचं हाड मोडल्यापासून दवाखान्यापर्यंतची रिक्षाही त्यांच्या जिवावर यायची, त्यामुळे त्यांना तिथवर नेणं शक्य नव्हतं.

माझ्याकडे ड्रोन होता. विमा ऑफिसातल्या नोकरीत जीव आंबून जातो म्हणून हौसेनं घेतलेला. गच्चीवरून सूर्यास्त टिपण्यापलीकडे त्याचा काही उपयोग मी केला नव्हता. आता पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी कामी येणार होता आणि त्याचा मला, खरं सांगायचं तर, गर्व झाला होता. दसरा झाला की जाऊ, असं ठरलं.

आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. त्यांची एकच तलवार उरली आहे, तिनं भेंडीसुद्धा चिरली जायची नाही. पण खंडेनवमीला ती पाटावर येते आणि तिच्या शेजारी ज्यानं त्यानं आपापलं हत्यार ठेवायचं, ही घरची रीत. बाबांची पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्यानं सपाटी दाखवणारी पट्टी, माझा लॅपटॉप, शाळेत शिकवणाऱ्या बायकोची लाल पेनं, आणि या वर्षी ड्रोन. "टोपी काढ त्याची," बाबा म्हणाले. "झाकलेल्याची कधी पूजा होते का?" कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं झाकण मीच काढून दिलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी गॅलरीत गेलो. परत आलो तेव्हा आरती सुरू झाली होती आणि सगळ्या हत्यारांवर झेंडू चढला होता. मी टाळ्या वाजवायला लागलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर ड्रोन चालू केला. ज्यांनी ड्रोन पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: कॅमेरा पोटाखाली एका नाजूक झोळीत लटकलेला असतो, तिला गिंबल म्हणतात. ड्रोन वाऱ्यानं कितीही डुलला तरी तीन बारीक मोटरा कॅमेऱ्याला स्थिर धरून ठेवतात. चालू केलं की तो कॅमेरा एकदा वर बघतो, खाली बघतो, मान डावी-उजवी करतो आणि शांत होतो. त्या दिवशी त्यानं मान एका खांद्यावर टाकली आणि थंडी भरल्यासारखा थरथरत राहिला. स्क्रीनवर लाल पट्टी आली: गिंबल मोटर ओव्हरलोड.

बंद केला, चालू केला. बॅटरी काढून पुन्हा लावली. नवीन सॉफ्टवेअर घातलं. व्हिडिओंमधली चार पोरं चार उपाय सांगत होती, ते चारही केले. खाली बाबा पलंगावर बसून वाट पाहत होते. ड्रोन आजारी आहे म्हटल्यावर ते उलट खुलले. "आधी सोपं बघायचं, मग अवघड. सपाट जागेवर ठेवला होता का?" त्यांनी पाणसळ मागवली, टेबलावर ठेवायला लावली आणि विचारलं, "बुडबुडा मध्ये आहे का?" मी टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारत बसलो. बुडबुडा मधोमध आला. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःची सपाटी जुळवून घेणं, सुरू केलं, ते अर्ध्याच्या जरा पुढे गेलं आणि अडकलं. सात वेळा केलं, सातही वेळा तिथेच अडकलं.

जेल रोडवर एक दुरुस्तीवाला आहे. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि खो खो हसला. "भिया, इसमें तो कुंकू भरा पड़ा है. पूजा कर दी क्या इसकी?"

मला हसू आलं नाही. ओलं कुंकू कॅमेऱ्याच्या बिजागरीत शिरून वाळलं होतं आणि आतली एक पातळ पट्टी, जिच्यातून वीज आणि चित्र दोन्ही जातं, ती कुणीतरी बोट दाबल्यामुळे मुडपली होती. घरी येईपर्यंत माझा पारा असा चढला होता, की चपला काढायच्या आधीच मी बायकोवर तुटून पडलो. कुंकवाची बोटं लावायचं काम दरवर्षी तिचंच असतं. "अक्कल आहे का जरा? ही मशीन आहे, देवीचा मुखवटा नाही! त्या माणसाकडे दिवस किती उरलेत, माहीत आहे ना तुला?" आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहायची मला लाज वाटते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून हळूच म्हणाली, "या वर्षी वाटी बाबांनी मागून घेतली. म्हणाले, मीच लावतो सगळ्यांना. बोटांनी चाचपून चाचपून लावत होते. मला विचारलं, याचा डोळा कुठे आहे? मी काय हात धरायला हवा होता का त्यांचा?"

नंतर आम्ही दोघांनी ठरवलं की हे बाबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. त्यांना सांगितलं, एक तार निघालीय, होईल ठीक.

दुरुस्तीवाल्यानं मला सराफ्यात पाठवलं. तिथे दागिने उजळून देणारा एक म्हातारा कारागीर बसतो; मंगळसूत्रांच्या वाट्यांतलं कुंकू काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं दोन दुपारी खर्ची घालून, सुईएवढ्या ब्रशनं कणकण उकरून काढला. ड्रोन हातात परत देताना म्हणाला, "सफाई कर दी साब, पर चोट मेरे बस की नहीं." चोट म्हणजे ती मुडपलेली पट्टी. ती कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं. कुठून तरी एक जुनी मिळाली, ती बसली नाही. दुसरी मिळाली, ती बसली, पण मोटर गरम झाली की पुन्हा थरथर सुरू.

"अहो, कुणाचा तरी मागून आणा ना," बायको म्हणाली. "लग्नाच्या शूटिंगवाल्याला घेऊन जा. हाच ड्रोन कशाला हवा?"

तिचं बरोबर होतं, आणि मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच भूत शिरलं होतं, की हा मी ठीक करणार. बाबांच्या बोटानं जे बिघडलं ते माझ्या बोटांनी नीट करायचं. दर रविवारी टेबलावर कापड पसरून मी त्या किड्यासारख्या स्क्रूंशी झटत राहिलो. दिवाळी गेली. तुळशीची लग्नं झाली, खरी लग्नं सुरू झाली, आणि आता मागायचं म्हटलं तरी शूटिंगवाल्यांचे फोन लागेनासे झाले. बाबा आता ताटातली कोशिंबीर शोधायला बोट फिरवायचे. विचारायचे मात्र रोज, "झाली का रे तार?"

डिसेंबरच्या एका शनिवारी टेबलावर तो सलग दहा मिनिटं स्थिर राहिला. मी रजा टाकली, सोमवारी सकाळी स्कूटरवर निघालो आणि देपालपुर ओलांडून, देवळापाशी स्कूटर लावून त्या बांधावर जाऊन उभा राहिलो. ड्रोन वर गेला. पुरता वर पोचला नसेल, तोच लाल पट्टी. खाली उतरवला, थंड होऊ दिला, पुन्हा वर. पुन्हा लाल पट्टी. बॅटरी बदलली. शर्टानं सावली धरली. फुंकर मारली. रागानं दोनदा त्याच्या पाठीत चापटही मारली. दोन तास मी त्या बांधावर होतो. शेवटी तिन्ही बॅटऱ्या संपल्या आणि माझ्या हातात व्हिडिओचे तीन तुकडे उरले, तिन्ही लुळे, थरथरणारे. रिकाम्या हातांनी जाण्यापेक्षा हे बरं, अशी स्वतःची समजूत घालून मी घरी आलो.

बाबांनी चेहरा धुतला, चष्मा पुसला. टॅब्लेट त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला. चित्र सुरू झालं आणि लटपटायला लागलं. पाणी, आकाश, पाणी, माझे पाय, आकाश. त्यांनी मान पुढे घेतली, मागे घेतली, एक डोळा मिटून पाहिलं. त्या गोल भोकात काही मावेना. त्यांच्या कपाळाला घाम आला.

"माझेच डोळे हलतायत की काय?"

"नाही बाबा, कॅमेराच बिघडलाय."

"हो, हो. कुंकवानं." ते म्हणाले.

मी टॅब्लेट बाजूला धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू सूनबाईला बोलत होतास. मला डोळे नाहीत, कान सही आहेत अजून."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी तिला इतकं काय काय…"

"बोलायला पाहिजे होतं. माफी मागितली मी तिची, दुसऱ्याच दिवशी." ते पांघरुणाची कड चाचपत राहिले. "पण तुझ्यासमोर बोललो असतो, तर पुढच्या वर्षी वाटी तू माझ्या हातात दिली नसतीस. एवढं एकच काम राहिलंय माझ्याकडे."

दोन महिने मी जे बाबांपासून लपवत होतो, तेच ती दोघं माझ्यापासून लपवत होती. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं याचं बरंही वाटलं.

"बंद कर ते झिगझिग," बाबा म्हणाले. "तू सांग. तू तर गेला होतास ना. पाणी कुठवर होतं?"

मी तोंड उघडलं. दोन तास मी त्या बांधावर उभा होतो. लाल पट्टी मला आठवत होती, कॅमेऱ्याची पडलेली मान आठवत होती, शर्टाची सावली आठवत होती. मान वर करून तलाव असा मी पाहिलाच नव्हता. पाणी कुठवर होतं, बांधावर झाडं उगवली होती की नाही, काठावर कुणी कपडे धूत होतं की नाही, यातलं काहीही मला सांगता येईना.

"भरलाय," मी म्हणालो. "चांगला भरलाय."

"आणि सांडवा? जिथून जादा पाणी बाहेर पडतं तो. शाबूत आहे?"

"एकदम शाबूत. तिथे देवळाच्या बाजूला, बांधाला लागूनच."

"देवळाच्या बाजूला," बाबा पुटपुटले. मग हात पुढे करून त्यांनी माझं मनगट शोधलं आणि थोपटलं.

"छान," ते म्हणाले. "छान झालं, बघून आलास."

संक्रांतीनंतर त्यांना दिसायचं पूर्ण थांबलं. त्याच आठवड्यात मी पुन्हा तिथे गेलो, काहीही न घेता. सांडवा देवळाच्या बाजूला नाही. तो बांधाच्या दुसऱ्या टोकाला आहे, चांगला शंभर पावलांवर.