चाखून न पाहिलेली कोशिंबीर

डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आईचा ताप उतरून पंधरा दिवस झाले होते, पण तिच्या तोंडाची चव परत आली नव्हती. भात माती लागतो म्हणायची. आमटी म्हणजे नुसतं कढत पाणी. सकाळी दोन पळ्या पेज, संध्याकाळी दोन पळ्या पेज, आणि मधल्या वेळात समोर धरलेल्या प्रत्येक ताटलीला एकच उत्तर, "नगं." दांडेलीच्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, आठवडाभरात खाणं वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. फळं द्या, कच्च्या भाज्या द्या, काजू-शेंगदाणे द्या. बाबांनी फोनवर मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तू ये. तुझं ऐकंल ती."

आमचं घर नंदिगड्ड्याच्या पुढे, रस्ता संपून पायवाट लागते तिथे. पाचवीला मी रामनगरच्या शाळेत गेले ती वसतिगृहातच राहिले. आमच्या घरात दहावी पास झालेली मी पहिली, पदवी घेतलेलीही मीच पहिली. आता बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. यातलं माझं कर्तृत्व किती हे मला ठाऊक आहे. शनिवार-रविवार घरी आले की सोमवारी पहाटे आई मला बसपर्यंत सोडायला चालत यायची आणि माझ्या पिशवीत भाजलेल्या काजूंची एक पुडी असायची. काजूची बी भाजताना तिच्या टरफलातलं तेल उडतं, हाताला लागलं की कातडी काळी पडून सोलते. आईची बोटं वर्षभर तशीच असायची. वसतिगृहात मी ते काजू मैत्रिणींना दाखवून दाखवून खात असे. बोटांचा विचार फार उशिरा मनात आला.

तर त्या सकाळी मी ठरवलं, आज आईसाठी मी काजू भाजायचे.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई थंडीच्या दिवसांत डब्यात रोज कोशिंबीर आणतात. त्यात फळं असतात, दाणे असतात, वर लिंबू पिळलेलं असतं. ती रीत मी त्यांच्याकडून लिहून घेतली होती. गाजरं आणि एक डाळिंब बेळगावहून आणलंच होतं. भात कापून झाल्यावर बाबांनी विहिरीजवळच्या वाफ्यात मुळा लावला होता, तो उपटला. परसातला पेरू काढला. उन्हाळ्यातल्या काजूच्या बिया पत्र्याच्या डब्यात थोड्या उरल्या होत्या. त्या भोकाच्या पत्र्यावर टाकून अंगणात भाजल्या, पेटल्या तशी वर माती लोटली आणि दगडानं एकेक फोडली. दोन बोटं भाजली.

आई ओसरीवर घोंगडी पांघरून उन्हाला बसली होती.

"काय करतीस गे इतकं?"

"तुझ्यासाठी कोशिंबीर."

"शिजवणार न्हाईस?"

"न्हाई. कच्चीच खायची असती."

"म्हंजे वासराला घालतो तेच मला घाल," आई म्हणाली. "इतकी शिकून आलीस, आणि आईला चारा कापतीस."

वासराला काजू कोण घालतं, असं मी विचारलं. ती हसली नाही. डोळे मिटून भिंतीला टेकली. तिची मान इतकी बारीक झाली होती की मी सुरी खाली ठेवून घोंगडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली.

आंबट काहीतरी पाहिजे, मग तिच्या जिभेला कळेल, असं मला वाटलं. परसाच्या टोकाला पपनसाचं झाड आहे. मी कॉलेजला गेले त्या वर्षी बाबांनी लावलेलं, आणि यंदा पहिल्यांदाच धरलेलं. एकच फळ होतं, खालच्या फांदीला, चांगलं पिवळं झालेलं. त्याच्या देठापाशी फांदीला भाताच्या पेंढ्याचा पीळ बांधलेला होता, त्याला तीन गाठी. शाळेत मी मुलांना कलम बांधायला शिकवते तेव्हा फांदीला अशीच खूण करायला लावते. बाबाही कलम बांधायच्या विचारात असतील, असं समजून मी पीळ सोडवला, फळ तोडलं आणि दोन्ही घेऊन आले.

पपनस सोललं, पांढरी साल काढून गर मोकळा केला. मुळा, गाजर, पेरू बारीक चिरले. डाळिंबाचे दाणे, काजू, भाजलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, कोथिंबीर. ताप आल्यापासून आईला कांद्याचा वास सोसत नव्हता, म्हणून कांदा घातला नाही. लिंबू पिळून कालवलं आणि झाकून ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या. आईला बघायला त्या रोज येतात. पायरीवर बसता बसता त्यांचं लक्ष सालींकडे गेलं, मग बाजूला पडलेल्या पेंढ्याच्या पिळाकडे. त्यांनी तो उचलला आणि गाठी मोजल्या.

"बाय, हे कुठलं?"

"पपनसाला होतं."

"आणि फळ काढलंस?"

"काढलं. का?"

काकींनी कपाळावर हात ठेवला. "अगे, देवाला ठेवलेलं फळ ते! तीन गाठी बघून पण कळलं न्हाई तुला?"

तेव्हा मला आठवलं. लहानपणी फणसाला, केळीच्या घडाला असे पीळ मी पाहिले होते. पीळ असला की पोरंसुद्धा त्या फळाला दगड मारत नसत. इतकी वर्षं बाहेर राहून ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

"मी न्हाई बांधलं," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले होते. "ह्यांनी बांधलं असंल. पण कशाला?"

बाबा शेतातून आले ते याच वेळी. त्यांनी साली पाहिल्या, काकींच्या हातातला पीळ पाहिला आणि डोक्यावरचा टॉवेल काढून खांबाला टेकून उभे राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ताप उतरंना तवा बांधलं," ते आईकडे न बघता म्हणाले. "देवाला म्हटलं, ही उठून जेवू दे. झाडाचं पहिलं फळ तुझं."

आई त्यांच्याकडे बघत होती. तिला हे माहीत नव्हतं.

मी विज्ञान शिकवते. नवस मोडला म्हणून ताप परत येत नाही हे मला कळतं. पण बाबांच्या तोंडाकडे बघून ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी एवढंच म्हणाले, "बाबा, मला कळलं न्हाई."

त्यांनी झाकण उचलून भांड्यात बघितलं.

"चाखलंस काय?"

"न्हाई."

"खरं सांग. सोलताना पण तोंडात टाकलं न्हाईस?"

"न्हाई बाबा. शप्पथ."

ते खरंच होतं. रांधताना काही जिभेला लावायचं नाही, आधी देवाची वाटी काढायची, हे आईनं मला चुलीपाशी शिकवलेलं. बेळगावात एकटी राहते, तिथे कुणी बघायला नाही, तरी माझा हात तोंडाकडे जात नाही. माझ्या भाज्या कधी खारट, कधी अळणी होतात म्हणून शाळेतल्या बायका मला हसतात.

"मग उष्टं न्हाई झालं," बाबा म्हणाले.

"पण कापलंय की," काकी म्हणाल्या. "देवाला अख्खं फळ लागतंय."

"पंचखाद्यातलं खोबरं काय अख्खं असतंय?"

काकींनीच उठून केळीचं पान आणलं.

बाबांनी हातपाय धुतले, पानावर कोशिंबीर घेतली आणि बांधाकडे निघाले. बांधावर किंदळाच्या झाडाखाली आमचा शेताचा देव आहे, एक उभा दगड. ओसरीवरून ते वाकलेले दिसत होते. बराच वेळ ते तसेच होते. एकदा त्यांनी घराकडे हात केला, बहुतेक माझ्याबद्दल काहीतरी सांगत असावेत.

परत येऊन त्यांनी ते पान आईच्या मांडीवर ठेवलं. "प्रसाद हाय. नगं म्हणू नको."

आईनं पान कपाळाला लावलं. मग पपनसाचा गर, मुळा, एक काजू असा चिमूटभर घास तोंडात घातला आणि चावत राहिली. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, थुंकायचं असेल म्हणून.

"मीठ घातलं न्हाईस गे हेच्यात," आई म्हणाली.

महिनाभरात तिनं कशाची चव ओळखली ती ही पहिली. काकी मोठ्यानं हसल्या. मी उठायच्या आत बाबाच आत गेले, आणि भांड्यांचा खडखडाट सुरू झाला.

"मीठ कुठं असतंय?" आतून आवाज आला.

"चुलीच्या मागं. डाव्या अंगाला," आईनं सांगितलं. आणि मिठाची वाट न बघता दुसरा घास घेतला.