चांदवडचा समुद्र

गावाचा आपत्तीचा आराखडा हातात आला की मॅडम चष्मा लावायच्या नाहीत, उलट काढायच्या. "भर पावसात लोकांना जेवढं दिसणार, तेवढंच मला दिसू दे," म्हणायच्या. मग कागद लांब धरून डोळे बारीक करायच्या, आणि समोर ग्रामसेवक घामाघूम.

असे आराखडे कसे तयार होतात, ते तुम्हीही पाहिलंच असेल. एकाचं दुसऱ्याने उतरवायचं, गावाचं नाव तेवढं बदलायचं. ग्रामपंचायतींना गारपीट, वीज, पूर यांसाठी तयार करणं हे मॅडमचं काम. त्यांची जीप चालवणं माझं. मी गडचिरोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. ऑफिसला ड्रायव्हर पुरवणाऱ्या ठेकेदाराला मात्र दहावी सांगितली होती. ऑफिसात कुणी कागद मागितला की मी जीप पुसायला निघून जायचो.

चांदवडजवळच्या एका गावच्या आराखड्यात लिहिलं होतं, समुद्राला उधाण आल्यास होड्या किनाऱ्याला आणाव्यात. मॅडमनी ग्रामसेवकाला गोड आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, इथे समुद्र कधी आला? मला कुणी कळवलं नाही."

भाऊसाहेब म्हणाले, वरून तसाच फॉरमॅट आलाय. सरपंच म्हणाले, "राहू द्या मॅडम. पाणी येतंय तर येऊ द्या, टँकर तरी बंद होईल."

मग विजेबद्दलचा फलक लिहायला घेतला. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'विद्युत्पातसदृश परिस्थिती उद्भवल्यास सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा.' मॅडमनी मला जीपमधून बोलावलं. "वाच. मोठ्याने."

समोर चाळीसेक माणसं. 'विद्युत्पा'पर्यंत पोचलो आणि गाडी बंद पडली. भाऊसाहेबांना तेवढंच हवं होतं. "ड्रायव्हर कितवी शिकलाय हो?"

नोकरी गेली, असंच मी धरलं.

"कितवी का असेना," मॅडम म्हणाल्या. "वीज पडायच्या आत त्याचं वाचून व्हायला पाहिजे. परत लिहा."

चौथ्या खेपेला मी न अडखळता वाचलं. वीज कडाडली की झाडाखाली थांबू नका, घरात या. शेळ्या राखणारी एक म्हातारी मागून म्हणाली, "आत्ता कळलं. मघाशी काय मंत्र म्हनत व्हता?"

परतताना मीच दहावीचं खरं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "शिकलेले माझ्याकडे पुष्कळ आहेत. समुद्र त्यांनीच आणला."

त्यानंतर प्रत्येक फलक रंगवण्याआधी माझ्या तोंडून जायचा. इतका मान मला शाळेतही कुणी दिला नव्हता.

मॅडम निवृत्त झाल्या. नवे साहेब भले आहेत, खूप शिकलेले आहेत, आणि लिहिताना ते शिक्षण विसरत नाहीत. परवा नव्या फलकाचा मजकूर पेंटरकडे पोचवायला दिला. जीपमध्ये बसून वाचला. दुसऱ्याच ओळीला अडकलो. माझा करार याच महिन्यात संपतोय, आणि गावी घर या नोकरीवर चालतं. किल्ली काढून खिशात टाकली.

मग ऑफिसचा जिना चढलो. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, मी सातवी शिकलोय. हे मला वाचता येत नाही."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मी हललो नाही.