भित्र्या बाईंचं दार

आमच्या बाई फार भित्र्या होत्या. जव्हारच्या नर्सिंग शाळेत बाकी सगळ्या मॅडम, या एकट्याच बाई. पोशेऱ्याच्या. डोंगरातल्या घरातून येऊन तिथं शिकवणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्याही कंत्राटी. प्राचार्यांच्या बुटांचा आवाज आला की त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडायचा. आम्ही मुली तरी कुठल्या शूर? तोंड उघडलं की आपल्या बोलण्याला कोणीतरी हसणार, या धास्तीनं पहिले कित्येक महिने मी वर्गात फक्त 'हो' एवढंच बोलले.

बाईंचा सगळा राग या 'हो'वर. "साहेब पुढं उभा राहिला का आपलं माणूस हो म्हणतं. समजलं तरी हो, नाय समजलं तरी हो. ते हो मला नको," म्हणायच्या. मग दार लावून घरच्या बोलीत विचारायच्या, "काय समजलीस, ते सांग माला." हृदय, रक्तवाहिन्या, औषधं, सगळं आम्ही त्या बंद दारामागे शिकलो. शाळेत शुद्ध मराठीच बोलायचं, अशी ताकीद होती. बूट वाजले की बाई वाक्याच्या मध्येच पुस्तकी मराठीवर यायच्या. आम्हाला हसू फुटायचं, पण त्यांच्या हातातला खडू थरथरताना दिसला की ते जिरायचं.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. दाभोशाच्या एका आजीला रक्तदाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, ते मला समजावून सांगायचं होतं. नापास झाले तर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायचं, हे ठरलेलं होतं. पाठ केलेलं सगळं शुद्ध मराठीत म्हणून टाकलं. आजी प्रत्येक वाक्याला हो म्हणाली. परीक्षकांनी मान डोलावली. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

"सर, आजीला समजलं नाही," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या. दारात प्राचार्य उभे होते. बाईंचा आवाज कापत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "हिला तिच्या बोलीत विचारू द्या."

मी विचारलं, "घरा जाऊन काय करशील, आये?"

"आख्या गोळ्या एकदम खाईन," आजी म्हणाली. "रोज रोज कोण ध्यान ठेवील?"

मी पुन्हा सगळं बोलीत सांगितलं आणि तिच्या तोंडून वदवून घेतलं. मी पास झाले. बाईंचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही.

बाई गावी परतायला मोखाड्याच्या जीपमध्ये बसल्या तेव्हा मला रडू आवरेना. "बाई, तेव्हा भीती नाय वाटली?"

"वाटली ना. अजून वाटते," त्या म्हणाल्या. "पण ती आजी तशीच घरी गेली असती तर?"

आता त्याच शाळेत मी शिकवते, घरच्या बोलीतच. मीही कंत्राटी. ताकीद तीच आहे, बूट तेवढे दुसऱ्याचे. ते वाजले की माझाही हात थरथरतो, आवाज आपोआप खाली येतो. दार मात्र मी उघडं ठेवते.