मडक्यातली जोडी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई तलवाड्याहून आमच्याकडे परळीला राहायला आल्या. त्यांचा पलंग बैठकीत टाकला, नेमका माझ्या फिशटँकसमोर.

"ह्यात मासे हायेत कुठं?" त्यांनी विचारलं.

"मडक्यात, आत्या."

"दिसतच न्हाईत, मग पाळले कावून?"

बोटाएवढे लांब, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले ते दोन मासे आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातल्या जातीचे. तिथलं पाणी जड, म्हणून आमचं भांड्यांवर पांढरा थर चढवणारं बोअरचं पाणीही त्यांना मानवलं होतं. खडकांच्या कपारीत राहायची त्यांची सवय, म्हणून मी टँकमध्ये कुंभाराकडचं बारकं मडकं आडवं ठेवलं होतं. पण ते बाहेर फिरायचे तेव्हा मी शाळेत शिकवत असायचे.

बघत मात्र सासूबाई होत्या. मी घरी आले की चहा घेता घेता बातमी यायची. "आज बारका बाहेर आलता. मडक्याच्या छताला पोट लावून उलटा पोहत होता. मी काय मुद्दाम बघत न्हाई, नजर जाती."

एकदा त्यांनी मला शाळेत फोन केला. हळू आवाजात म्हणाल्या, "मडक्याच्या तोंडाशी कायतरी हलतंय. लई बारीक हाय." सुट्टी होताच मी घर गाठलं. मडक्याच्या काठाला चिकटलेली पिल्लं होती, जिऱ्यापेक्षा लहान. त्यांच्यावरही पुसट पट्टे होते.

उन्हाळ्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. गावात एवढं मोठं वीज केंद्र, पण आमचा पंखा बंद आणि टँकचा हवेचा पंपही बंद. दुपारपर्यंत दोन्ही मोठे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मी तांब्याने टँकमधलंच पाणी घेऊन उंचावरून परत सोडत राहिले, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. हात भरून आले.

"दे इकडं," सासूबाई म्हणाल्या. "तू भाकरीचं बघ."

"आत्या, तुम्हाला इतका वेळ बसवणार नाही."

"गुडघ्यानं थोडंच पाणी वतायचंय?"

खुर्ची ओढून त्या बसल्या. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज ऐकत होते. मध्ये मी हात पालटला, पुन्हा त्यांनी. संध्याकाळी वीज आली, पंप बुडबुडायला लागला आणि मोठे मासे खाली गेले. पिल्लं किती वाचली ते त्या गडबडीत कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मडक्याभोवती बरीच दिसली.

आता सासूबाई काठीशिवाय चालतात. मध्यंतरी माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं, "आई, तलवाड्याला कधी सोडू?"

"जाऊ की," त्या म्हणाल्या, "घाई काय हाय?" आणि चिमूटभर खाणं घेऊन टँकपाशी गेल्या. मी नवऱ्याला खुणेनंच सांगितलं, परत विचारू नका.